उंबऱ्याबाहेरचे घर

गेल्या श्रावणातली गोष्ट. हिंगोलीत रात्रभर पावसाची रिपरिप चालू होती आणि सकाळी साडेसातच्या सुमाराला आमच्या दाराची कडी वाजली. दारात वरच्या मजल्यावरचा तरुण शेजारी उभा. म्हणाला, "साहेब, जरा हात लावता का? गुरुजींना खाली आणायचंय."

गुरुजी म्हणजे आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे निवृत्त मुख्याध्यापक. वय ७८. पहाटे न्हाणीघरात त्यांचा पाय घसरला होता आणि कंबरेला जबर मार बसला होता. नांदेडला न्यायचे ठरले, गाडीही दारात येऊन उभी राहिली. पण लिफ्ट चार महिन्यांपासून बंद होती आणि जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळेना. शेवटी जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची आणली, गुरुजींना चादरीने तिला बांधले आणि चौघांनी चार पाय धरले. मागचा उजवा पाय माझ्या हातात होता. प्रत्येक पायरीला गुरुजी डोळे मिटून घेत. दुसऱ्या मजल्यावर ते हळूच म्हणाले, "जरा टेकवा. तुमचंही वय झालंय, साहेब." बाई मागून छत्री आणि औषधांची पिशवी घेऊन उतरत होत्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते, असे मला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिले.

कारण लिफ्ट बंद राहण्यात माझाही हात होता. आमच्या इमारतीत तळमजल्यावर दोन आणि वरच्या तीन मजल्यांवर चार-चार, अशा चौदा सदनिका आहेत. लिफ्टच्या दुरुस्तीचा अंदाज ८४ हजारांचा आला होता, म्हणजे घरटी सहा हजार. तळमजल्यावरच्या आम्ही दोघांनी सांगितले, आम्ही लिफ्ट वापरत नाही, आम्ही देणार नाही. मग उरलेल्या बारा जणांवर सात-सात हजार आले. त्यातल्या तिघांनी घरे भाड्याने दिलेली. ते म्हणाले, भाडेकरूंकडून घ्या. भाडेकरू म्हणाले, मालकांना विचारा. पहिल्या मजल्यावरच्यांना एक मजला चढायला लिफ्ट कशाला हवी, असा प्रश्न पडला. झाले, बारभाईचा कारभार! जमलेले पैसे परत गेले आणि लिफ्टच्या दाराला कुलूप लागले. त्याच महिन्यात मी दिवाणखान्याला नवे पडदे लावले होते. त्यांचे बिल सहा हजारांहून अधिक होते.

वाचकहो, ही हकिकत एका इमारतीची म्हणून सोडून देता आली असती. पण ती आता गावोगावची झाली आहे. हिंगोली, परभणी, वाशीम, नांदेड, कुठेही जा. नव्या वस्तीत घरे चकचकीत आणि जिने अंधारे. आत टाइल्सवर माशी घसरेल आणि बाहेर टाकीवरचे झाकण उडालेले. असे का व्हावे? माणसे तीच, उत्पन्न तेच. मग उंबऱ्याच्या आत एक न्याय आणि बाहेर दुसरा कसा?

प्लॉटपासून फ्लॅटपर्यंत

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा झाला. जिल्हा झाला म्हणजे कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर नोकरदार आले. सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमतकडची कुटुंबे मुलांच्या शाळा-कॉलेजसाठी गावात येऊन राहू लागली. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे ८५ हजार भरली. शेतीचे प्लॉट झाले, चुन्याच्या रेघा आणि दगडी खुणा यांनी लेआउट आखले गेले. प्लॉटवर घर, घराला कंपाउंड, दारात तुळस, ही आमच्या मध्यमवर्गाची सुखाची कल्पना. पुढे जागेचे भाव वाढले, प्लॉट परवडेना, तेव्हा रो-हाउस आले आणि मग फ्लॅट.

मी बँकेत असताना अशी कितीतरी गृहकर्जे माझ्या टेबलावरून गेली. सर्च रिपोर्ट, एन.ए.चा आदेश, मंजूर नकाशा, मूल्यांकनाचा दाखला, पगाराची स्लिप, जामीनदार. एक कागद कमी असला तरी मी फाइल परत पाठवीत असे. पण एकाही अर्जदाराला मी विचारले नाही की, बाबा रे, या इमारतीच्या जिन्यातला दिवा कोण लावणार? पाण्याची मोटार जळाली तर कोण भरून देणार? हप्ता भरण्याची ऐपत मी मोजत होतो. घर उभे ठेवण्याची ऐपत मोजायला आमच्या फॉर्मात रकानाच नव्हता.

फ्लॅट घेणारा माणूस खरोखर दोन गोष्टी विकत घेतो. एक, उंबऱ्याच्या आतले घर. ते त्याचे एकट्याचे. दुसरे, उंबऱ्याबाहेरचे घर: पाया, गच्ची, जिना, लिफ्ट, टाक्या, गटार, कंपाउंड, वीज-पाण्याच्या वाहिन्या. ते सगळ्यांचे मिळून. पहिले घर कोणी रंगवायचे याबद्दल वाद होत नाही. भांडण होते ते सगळे दुसऱ्या घरावरून. मासिक वर्गणी, मेंटेनन्स, देखभाल खर्च, काही म्हणा, ही त्या दुसऱ्या घराची किंमत आहे. ती एकदम न देता दर महिन्याला द्यायची असते, एवढेच. ती दान नाही, कोणाचे भाडे नाही आणि सेक्रेटरीवर केलेले उपकार तर नाहीतच.

कायद्याची दोन दारे

या दुसऱ्या घराचा मालक कोण, याचे उत्तर महाराष्ट्रात दोन कायद्यांनी दोन तऱ्हांनी दिले आहे. पहिला, १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम. त्यानुसार सगळे सभासद मिळून एक संस्था होते. जमीन आणि इमारत त्या संस्थेच्या नावावर होते आणि सभासदाला भाग-दाखला व आपल्या सदनिकेत राहण्याचा हक्क मिळतो. दुसरा, १९७० चा अपार्टमेंट मालकीचा कायदा. त्यात प्रत्येकाची स्वतःच्या सदनिकेवर मालकी राहते आणि सामाईक जागेत टक्केवारीने अविभाज्य वाटा मिळतो. मालकांची असोसिएशन होते.

हा फरक कागदी वाटतो, पण तो थेट खिशापर्यंत पोचतो. अपार्टमेंटच्या पद्धतीत खर्च टक्केवारीने विभागला जातो. ज्याचा वाटा मोठा त्याचा खर्चही मोठा. सोसायटीत मात्र पहारा, झाडलोट, जिन्यातली वीज, हिशेबतपासणी यांसारखा सेवा खर्च सर्व सदनिकांना सारखा. मोठ्या फ्लॅटवाल्याने जास्त द्यावे, असे छोट्या फ्लॅटवाल्याला वाटते आणि सभेत हा मुद्दा हमखास निघतो. पण पहारेकरी दारे राखतो, चौरस फूट राखत नाही. झाडणारी बाई जिना झाडते, तो कोणाच्या दोन खोल्यांकडे जातो आणि कोणाच्या चार, हे ती पाहत नाही. घर घेताना आपण कोणत्या दाराने आत चाललो आहोत, सोसायटीच्या की अपार्टमेंटच्या, एवढा एक प्रश्न करारावर सही करण्यापूर्वी विचारला तरी पुढची निम्मी भांडणे मिटतील.

बिलाची एकेक ओळ

आता सोसायटीचे बिल हातात घेऊ. बँकेतल्या सवयीने मी ते वरपासून खालपर्यंत वाचतो. २०१४ च्या आदर्श उपविधींत प्रत्येक आकाराची पद्धत सांगितलेली आहे.

मालमत्ता कर नगरपालिका आकारील त्याप्रमाणे ज्याचा त्याने भरायचा. पाण्याचा आकार प्रत्येक सदनिकेतल्या नळजोडांची संख्या आणि आकार पाहून. वाहनतळाचे शुल्क ज्याच्याकडे जितक्या जागा त्याप्रमाणे. सेवा खर्च, मघाशी सांगितला तसा, सर्वांना समान.

यानंतर दोन ओळी येतात आणि त्यांच्यावरच सगळ्यांची बोटे थबकतात. एक दुरुस्ती निधी, दुसरा सिंकिंग फंड. दुरुस्ती निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का. नेमका दर सर्वसाधारण सभेने ठरवायचा. बांधकाम खर्चात जमिनीची किंमत धरायची नाही. समजा, एका सदनिकेचा बांधकाम खर्च १२ लाख रुपये आहे. मग दुरुस्ती निधी वर्षाला ९ हजार, म्हणजे महिन्याला ७५०. सिंकिंग फंड वर्षाला ३ हजार, म्हणजे महिन्याला २५०. महिन्याचे हे हजार रुपये माणसाला जड वाटतात, कारण त्यांच्या बदल्यात त्या महिन्यात काहीच दिसत नाही. दिवा लागत नाही, पाणी येत नाही. पण इमारतीलाही वय असते. सिंकिंग फंड हा तिच्या म्हातारपणाचा प्रॉव्हिडंट फंड आहे. मोठी दुरुस्ती, खांबांची डागडुजी, एखाद्या दिवशी पुनर्बांधणी, यासाठीच तो राखायचा असतो.

आमच्या चौदा घरांचा हिशेब मी गुरुजींना पोचवून आल्यावर रात्री मांडला. दरमहा ७५० रुपयांचा दुरुस्ती निधी चौदा घरांकडून गोळा झाला असता, तर महिन्याला १०,५०० होतात आणि आठ महिन्यांत ८४ हजार! तंतोतंत लिफ्टचा आकडा. उपविधींत लिफ्टचा खर्च वेगळा दाखवतात हे खरे. पण असा निधी शिल्लक असता तर पैशासाठी चार महिने कोणी कोणाचे तोंड पाहिले नसते.

आणि लिफ्टच्या खर्चाची ती ओळ? ती मी त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचली. ज्या इमारतीत लिफ्ट आहे त्या इमारतीतल्या सर्व सभासदांनी तो खर्च समान वाटून घ्यायचा. वापर असो वा नसो. तळमजलाही त्यात आला. आमची इमारत तेव्हा नोंदलेली सोसायटी नव्हती म्हणून मला ती ओळ लागू नाही, असा युक्तिवाद करता आला असता. इतकी वर्षे बँकेत काढल्यावर असे युक्तिवाद आपोआप सुचतात. पण गच्ची गळली तर तळमजल्यावर एक थेंब येत नाही, तरी गच्चीच्या वर्गणीला मी कधी नाही म्हटले नव्हते. लिफ्टलाच का म्हटले? उत्तर मला ठाऊक होते. गच्चीच्या वेळी कोणी आधी नकार दिला नव्हता. लिफ्टच्या वेळी शेजाऱ्याने दिला आणि मला सोबत मिळाली.

आडाचे पाणी आणि बलुतेदारी

सामाईक गोष्टीसाठी पैसे मोजायची आपल्याला सवय का नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. आमच्या लहानपणी वाड्यात आड सामाईक होता, अंगण सामाईक होते, गावात पार आणि चावडी सामाईक होती. तेव्हा कोणाला बिल येत नव्हते. पण म्हणून ते फुकट होते काय? अंगण घरातल्या बाया सारवत. त्यांच्या कष्टांची मोजदाद नव्हती. आणि गावाची घाण काढणे, मेलेले ढोर ओढणे, वेशीवर रात्र जागणे, ही कामे काही माणसांच्या कपाळी जन्मानेच मारलेली होती. त्यांना भाकरतुकडा मिळे आणि वर अपमान मिळे. सामाईक जागेचा खर्च तेव्हाही होता. तो आपण भरत नव्हतो, दुसऱ्या कोणाकडून वसूल करत होतो. आज झाडणाऱ्या बाईला पगार द्यावा लागतो, तेव्हा तो 'महाग' वाटतो. मला वाटते, आपण प्रथमच खरी किंमत मोजतो आहोत.

सहकाराने घर बांधण्याची वाट या राज्याला नवी नाही. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी पुढाकार घेतला. देशातल्या सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात तिथून मानतात. ती एका समाजापुरती होती. ओळखीपाळखीची, नात्यागोत्याची माणसे एकत्र आलेली. पुढे वांद्र्याला लेखकांची 'साहित्य सहवास' वसाहत झाली, शेजारी पत्रकारांची झाली. तिथे व्यवसाय हा धागा होता. आमच्या हिंगोलीच्या इमारतीत मात्र एकाच जिन्यावर तलाठी आहे, हळदीचा अडत्या आहे, नर्सबाई आहे, पोलीस आहे, वकील आहे. जात एक नाही, गाव एक नाही, पगार एक नाही. ना भावकी, ना गावकी. भावकीत वडीलधाऱ्याचा शब्द चालतो, गावकीत पंचांचा. इथे कोणाचा चालणार? म्हणून तर लिहिलेला नियम लागतो. नियम हा अनोळखी माणसांचा वडीलधारा आहे.

नियम समितीलाही बांधतो

इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वर्गणी न देणाऱ्यांइतक्याच तक्रारी मनमानी करणाऱ्या समित्यांच्या आहेत. पुण्या-मुंबईत फ्लॅट घेतलेल्या आपल्या मुला-मुलींना विचारून पाहा. सेक्रेटरी म्हणजे गढीवरचा पाटील, असा काही ठिकाणी थाट असतो. पण उपविधी सभासदाला जितके बांधतात तितकेच समितीलाही बांधतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

सदनिका विकताना संस्था मागेल ती देणगी द्यावी लागते, हा समज चुकीचा आहे. २००१ च्या शासन आदेशाने हस्तांतरणाच्या अधिमूल्याला कमाल मर्यादा घातली: महानगरपालिका हद्दीत २५ हजार, नगरपालिकांच्या हद्दीत त्यांच्या वर्गाप्रमाणे २०, १५ आणि १० हजार, ग्रामपंचायत हद्दीत ५ हजार. कुटुंबातल्या माणसाच्या किंवा वारसाच्या नावावर घर होत असेल तर तेही नाही. घर भाड्याने दिले तर बिनभोगवटा शुल्क सेवा खर्चाच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, आणि घरचेच कोणी राहत असेल तर मुळीच नाही. २०१४ च्या उपविधींनुसार भाडेकरू ठेवायला समितीची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी लेखी कळवणे पुरते. थकबाकीवरच्या व्याजालाही त्या उपविधींत वर्षाला २१ टक्क्यांची, सरळ व्याजाची, मर्यादा आहे.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी झालीच पाहिजे आणि तिची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी मिळाली पाहिजे. हिशेब तपासून सभेपुढे ठेवला पाहिजे. थकबाकीदाराचे पाणी तोडणे, नावाचा फलक दारात लावून त्याची अब्रू काढणे, हे वसुलीचे मार्ग नव्हेत. २०१९ च्या दुरुस्तीने सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळे प्रकरण घातले गेले. थकबाकी असेल तर त्यानुसार निबंधकाकडे अर्ज करून वसुलीचा दाखला मिळवायचा; मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते.

बिल्डरच्या बाबतीत तर आपण अतिशय भोळे. खाली मोकळ्या पार्किंगचे पट्टे आखून ते विकणे, हा अनेक ठिकाणचा धंदा होता. ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद प्रकरणात निकाल दिला की, इमारतीखालचे मोकळे पार्किंग स्वतंत्रपणे विकण्याचा बिल्डरला अधिकार नाही. १९६३ च्या मोफा कायद्याप्रमाणे देखभालीसाठी आगाऊ घेतलेल्या रकमेचा बिल्डरने वेगळ्या खात्यात हिशेब ठेवायचा असतो. तो मागणारे किती? संस्था स्थापन करून देणे, जमीन संस्थेच्या नावे करून देणे ही त्याची जबाबदारी. तो टाळत असेल तर त्याच्या सहकार्याविना संस्था नोंदता येते आणि २००८ च्या दुरुस्तीनंतर जिल्हा उपनिबंधकांकडून मानीव अभिहस्तांतरणही करून घेता येते. नव्या, रेराखाली येणाऱ्या इमारतीत ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा आहे. पण हे सारे मागणार कोण? चौदा सुटी माणसे नव्हेत. संस्था असेल तरच तिला आवाज असतो, आणि संस्था वर्गणीवर जगते.

प्लॉटवाल्यांनी हसू नये

हे वाचून स्वतंत्र घरात राहणारे म्हणतील, बरे झाले, आपण फ्लॅट घेतला नाही. पण लेआउटमधल्या वसाहती तरी कुठे सुटल्या आहेत? मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. नकाशावर तिथे हिरवा रंग असतो. प्रत्यक्षात पाहा: अर्ध्या जागेत बाभळी, एका कोपऱ्यात बांधकामाचा राडारोडा, दुसऱ्या कोपऱ्यात कोणाची तरी म्हैस. रस्ता नगरपालिकेचा की लेआउट पाडणाऱ्याचा, यावर वर्षे जातात आणि नाली तुंबलेलीच राहते. प्लॉटधारकांनाही आपली संस्था करता येते, पण करतात फार थोडे. गुंठेवारीने, बाँडपेपरवर घेतलेल्या प्लॉटच्या वस्त्यांत तर मोकळी जागाही नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने घरे नियमित करण्याची वाट दिली, २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना ती खुली केली. पण जे मैदान मुळात सोडलेच नाही ते कायदा कुठून आणणार?

याच्या अगदी उलट टोक आपली मुले अमेरिकेत पाहतात. आमचे एक नातेवाईक टेक्सासमध्ये आखीव वसाहतीत राहतात. आठवडाभर सहलीला गेले आणि परत आले तो दारात वसाहतीच्या असोसिएशनचे पत्र: तुमचे गवत वाढले आहे, कापा, नाहीतर दंड. तिथे वर्गणी थकली तर असोसिएशन घरावर बोजा चढवते आणि अनेक राज्यांत तो बोजा घराच्या लिलावापर्यंत जाऊ शकतो. फाटक कोणत्या रंगाचे असावे हेही नियमात. मी त्यांना म्हटले, "अरे, हे घर आहे की छावणी?" ते हसून म्हणाले, "काका, पण इथे रस्त्यावरचा दिवा कधी बंद नसतो." त्या हसण्यात थोडा अभिमान होता आणि थोडा कंटाळाही. तिकडे माणसापेक्षा नियम मोठा झाला आहे. आपल्याकडे माणसे खुर्चीचे पाय धरायला धावतात, पण नियम करायला बसत नाहीत. चौघे धावून आले, याचे मला कौतुक आहेच. पण ती धावाधाव ज्या कामामुळे टळली असती ते आम्ही केले नव्हते.

आमच्या जिन्यातली सभा

पुढे काय झाले ते सांगतो. गुरुजी नांदेडला गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही जिन्यातच सभा घेतली. मी आधी माझे सहा हजार ठेवले आणि मग बोललो. शेजाऱ्याने माझ्याकडे जरा रागाने पाहिले. दोन दिवसांनी त्यानेही दिले. भाडेकरू असलेल्या घरांच्या मालकांना मी स्वतः फोन केले. बँकेतली वसुलीची सवय अशी कामी आली. महिन्याभरात लिफ्ट चालू झाली. तोवर आमची वर्गणी एका सज्जनाच्या स्वतःच्या बचत खात्यात जमा होत असे. माणूस चोख, पण उद्या त्याला काही झाले तर त्या पैशाला वारस त्याची मुले ठरली असती. संस्था नोंदायची ठरली. निम्म्याहून अधिक सदनिकाधारकांच्या सह्या लागतात. आमच्या तेरा मिळाल्या. चौदावी गुरुजींची. ते परगावी होते.

गुरुजी हिंगोलीला परत आलेच नाहीत. शस्त्रक्रिया नीट झाली, पण मुलगा त्यांना आणि बाईंना छत्रपती संभाजीनगरला घेऊन गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या घराला कुलूप आहे. मागच्या सभेत कोणीतरी सुचवले, बंद घराकडून जादा आकार घ्यावा, बाहेर तसे घेतात. मी चष्मा लावून उपविधी वाचून दाखवले: बिनभोगवटा शुल्क भाड्याने दिलेल्या घराला, नुसते कुलूप असलेल्या घराला नाही. विषय संपला. कोणी वाईट वाटून घेतले नाही, कारण तो माझा शब्द नव्हता, नियमाचा होता.

त्या बंद घराची वर्गणी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात संस्थेच्या खात्यात जमा होते. लिफ्टचा भागही त्यात असतो. खजिनदार म्हणून मी पावती लिहितो आणि गुरुजींच्या पत्त्यावर पाठवतो. पहिल्या पावतीनंतर त्यांचा फोन आला होता. त्यांनी इकडची तिकडची चौकशी केली आणि ठेवता ठेवता विचारले, "लिफ्ट चालू आहे ना, साहेब?"

चालू आहे, असे मी सांगितले.